डांबर फासलेली साखळी

४ डिसेंबर १९५६, अहेरी
ओंडके ट्रकवर चढवायची साखळी आज डोमाजी लोहाराला दाखवली. खरवडली तर पापुद्रे निघाले. पावसाळाभर लाकूड डेपोच्या अंगणात भिजत पडली होती. आत ठेवायचं काम मुनशीचं, म्हणजे माझं. राहिलं.
डोमाजी म्हणे, "मुनशीजी, कड्या आतून खाऊन टाकल्या जंगानं. हिच्यावर लाकूड उचलू नोका."
नवी मागावी तर मालक विचारणार, जुनी काऊन सडली.

६ डिसें.
मालक उद्या डेपो पाहायला येणार. साखळीला डांबर फासलं. स्वतःच्या हातानं. नव्यासारखी दिसते.

७ डिसें.
मालक खूश. "सामान चांगलं ठेवलं." मी हसलो.

९ डिसें.
सागाचा ओंडका वर गेला अन् कडी तुटली. खाली आमचा हमाल लच्छू. डावा पाय गुडघ्यापासून…
ओरडलाही नाही. "काढा ना जी," एवढंच.
त्याच ट्रकमधून दवाखान्यात नेला. परत येऊन तुटलेली कडी पाहिली. करंगळीएवढंच लोखंड धड. बाकी तांबडा भुगा.

१०
बाजारात डोमाजी समोरून येत होता. मी रस्ता बदलला.

१३ डिसें.
पाय कापला. लच्छूची बायको मैनाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली. धान शेतात उभं आहे, कोण कापणार? म्हटलं, माणसं पाठवतो.
"लय करून राह्यले भाऊ तुमी."
मान वर करवेना.
आत लच्छू म्हणे, "लोखंडाच्या आतलं कोनाले दिसते मुनशीजी? तुमाले तरी का मालूम होतं?"
तिथेच सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "पाणी देऊ?"

१५ डिसें.
चौकशीला पोलिसांचे साहेब आले. साखळी कशी तुटली, विचारलं. माझ्याआधी मालकच बोलले, "साखळी नवीसारखी होती. लच्छूनंच ओंडका वाकडा बांधला." मी तिथेच उभा, ऐकत. लाज वाटते लिहायलाही.

१६ डिसें.
साहेबांनी माझी जबानी लिहून तयारच ठेवलेली. लच्छूची चूक, खाली माझं नाव. फक्त सही बाकी. दोनदा वाचली. टाक खाली ठेवला.
म्हटलं, "साहेब, असं नाई झालं. मले सांगायचं आहे."
साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मालकांकडे जेवायला बोलावलंय. आल्यावर बोलू."
साहेब अन् मालक दोघं गेले. तीन वाजून गेले. बाकावर बसून हे लिहून राह्यलो. आता साहेबांच्या जीपचा आवाज