चाळीला वनस्पतिशास्त्र शिकवण्याचा बेत

रविवार, १७ एप्रिल १९६०
चाळ कमिटीची मीटिंग झाली. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी महाराष्ट्र होणार, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकात कार्यक्रम. अध्यक्ष बाबुराव म्हणाले, भजन ठेवू. दुसरं काय सुचणार? मिलमध्ये साच्यावर (म्हणजे मागावर) उभं राहून डोक्याचाही साचा झालाय. मी व्याख्यान सुचवलं. विषय : 'वनस्पती आणि मानव'. वक्ता : मी. एकानेही विरोध केला नाही. (मीटिंग लगेच संपली.)
या लोकांना कळायलाच हवं. सकाळच्या दातणापासून रात्रीच्या चटईपर्यंत सगळं झाडापासून येतं. हजारो माणसं मिलमध्ये कापूस कातून म्हातारी झाली, पण कपाशीचं झाड एकाने पाहिलेलं नाही. मीही नाही, पण मी टाइमकीपर ऑफिसात आहे.
निश्चय : रोज दोन तास अभ्यास.

मंगळवार, १९ एप्रिल
वाचनालयातून जाडजूड इंग्लिश ग्रंथ आणला. चौदा पानं झाली. त्यातली नऊ प्रस्तावनेची. लॅटिन नावं पाठ करतोय.
मालन म्हणाली, "एवढं कशाला? खाली सुंदराबाईंना विचारा की."
सुंदराबाई म्हणजे तळमजल्यावरची म्हातारी. लालबागच्या मार्केटबाहेर फुटपाथवर मुळ्या आणि पाला विकते. अंगठाबहाद्दर. मी मॅट्रिक. बायकोला सांगितलं, शास्त्र वेगळं आणि पालापाचोळा वेगळा. ती तांदूळ निवडत राहिली.

शुक्रवार, २२ एप्रिल
अभ्यासाऐवजी प्रयोग. व्याख्यानाला घालायचा काळा लोकरी कोट मळला होता. साबण कशाला? रिठे मागवले. (मालनला पाठवलं. मी स्वतः त्या टोपलीसमोर उकिडवा बसणार नाही.) रिठे पातेल्यात उकळले, फेस उत्तम आला. मग कोटही त्यातच उकळला.
मळ पूर्ण गेला. बाह्या कोपरापर्यंत आल्या. दोष शिंप्याचा. कापड आधी भिजवून घेतलेलं नसणार.

सोमवार, २५ एप्रिल
जिन्यात सुंदराबाई भेटली. म्हणाली, "दत्ताराम, भाषण करतंस मां? मग पोरीबाळींका हळदीचा, निर्गुडीचा कायतरी सांग. उपेगाचा."
मी म्हटलं, "आजी, ही बाजारातली बडबड नाही. शास्त्रीय व्याख्यान आहे."
"बरां," म्हणाली आणि गेली. अडाणी माणसाला मर्यादा दाखवलेली बरी असते.
भाषण सहा पानं झालं. पुष्कळ झालं.

बुधवार, २७ एप्रिल
जबरदस्त आयडिया! धोबी कपड्यांवर बिब्याने खूण करतात. व्याख्यानाच्या शेवटी मी सर्वांसमोर पांढऱ्या फडक्यावर बिब्याच्या रसाने 'महाराष्ट्र' लिहिणार. वर चुना. अक्षर कधीच जायचं नाही.
आज तालीम केली. टाचणीने बिबा टोचला, बोटांनी दाबला. अक्षर कोळशासारखं काळं उमटलं. ग्रंथात बिब्याचं पान होतं, पण तिथवर अजून पोचलो नाही.
उकाडा फार. सारखा हातानेच घाम पुसत होतो.

गुरुवार, २८ एप्रिल
चेहऱ्याला खाज. उन्हामुळे. बोटांवर फोड. तेही उन्हामुळेच असणार. रजा घेतली.

शुक्रवार, २९ एप्रिल
डावा डोळा बंद. उजव्याने लिहितोय. ओठ सुजले.
मालनने न विचारता सुंदराबाईला वर बोलावलं. म्हातारीने माझी बोटं उजेडाकडे धरली.
"तेल लावल्याशिवाय बिब्याक हात लावलंस? शिकलेलो मां तू?"
मग खोबरं वाटून लेप लावला. मी हरकत घेतली नाही. तोंड उघडत नव्हतं.

शनिवार, ३० एप्रिल, संध्याकाळी
बाबुराव येऊन बघून गेले. मी कसाबसा म्हणालो, कार्यक्रम आठवडाभर पुढे ढकलू.
"अरे, महाराष्ट्र काय तुझ्या थोबाडासाठी थांबणार आहे?"
मग म्हटलं, निदान माझी सहा पानं कोणीतरी वाचा. पानं चाळून ते म्हणाले, "ह्यातलं एक अक्षर कोणाला कळायचं नाही," आणि माझ्याऐवजी बोलायला सुंदराबाईला खुर्चीवर बसवायला गेले. मनात म्हटलं, आता कळेल यांना वक्ता कशाला म्हणतात!
खोलीत पडून सगळं ऐकू येत होतं. आधी लोक हसले. मग ती बोलू लागली.
"गावात डॉक्टर नव्हतो. सासूनं माझ्या हातात पाच पाले दिले. म्हणाली, ह्यांची नावां विसरलंस तर पोरां गमावशील. चारच ध्यानात रवली."
खालून बाकं पुढे सरकवल्याचा आवाज आला.
"म्हणून सांगतंय. आयकान ठेवा."
आणि ती एकेक पाला सांगत गेली. तापाला काय, खोकल्याला काय, बाळंतिणीला काय. आणि कधी पाल्याचा नाद सोडून पोराला उचलून हॉस्पिटल गाठायचं, तेही. तासभर.
लॅटिन एक शब्द नाही. मांडणी विस्कळीत. शेवटी टाळ्या थांबेनात. मीही वाजवायला गेलो. बोटं फार दुखली.

रविवार, १ मे
सगळीकडे रोषणाई. डोळा थोडा उघडला.
मालनला विचारलं, काल माझी चौकशी कोणी केली का? ती म्हणाली, "कोणाला वेळ होता?"
दुपारी सुंदराबाई लेप लावायला आली. लेप झाल्यावर दोघी उंबऱ्याशी बसल्या. म्हातारी सांगतेय, मालन लिहून घेतेय. वही माझ्या व्याख्यानाची. मालन चौथीपर्यंत शिकली आहे, हे मी विसरलोच होतो. माझी सहा पानं होती. तिची अकरा झाली.
मधेच तिने मान वर करून विचारलं, "अहो, निर्गुडीतला गु पहिला की दुसरा?"
"पहिला," मी म्हटलं.
तिने लिहिलं. पुढचं काही मला विचारलं नाही.