स्टार्टरखालची लांडोर

असोदा. मंगळवार, संध्याकाळ. शेतातच बसून लिहितोय.

एवढं रान सोडून या लांडोरीनं अंडी घातली ती विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरखाली! बटण दाबायला गेलो की अंगावर येते. तिकडे उन्हानं केळी करपतेय. आई म्हणाली, "तिले बसू दे, तू तठी जाऊच नको." म्हणून काल ती चरायला गेली तेवढ्यात ऑटो बसवला. लाइट आली की मोटार आपोआप चालू. किती हुशार मी!

आज लाइट आली आणि तिच्या डोक्यावरच स्टार्टर खाडकन वाजला. ती उडाली. केळी पाणी पितेय, अंडी उघडी पडलीत. मी काय करून बसलो?

आत्ता ती बांधावरून एकेक पाऊल टाकत अंड्यांकडे येतेय. पण लाइट जायची वेळ झालीय. गेली, की स्टार्टर पुन्हा खाडकन वाजणार.