पितृपक्षात घेतलेली गाडी

अण्णा, काल तुमच्या नातीने गाडी घेतली, तीही ऐन पितृपक्षात. चाळीतल्या निम्म्या लोकांनी नको म्हणून सांगितलं. जुनी, छोटी, टर्बो इंजिनाची गाडी घ्यायची, हळूहळू स्वतः सुधारायची आणि ट्रॅकवर पळवायची, यासाठी तिने चार वर्षं पगारातून मागे टाकलं होतं. निवड चुकली असती तर ती चारही वर्षं गेली असती. म्हणून मी सोबत गेले. तिला मात्र वाटत होतं, आई मोडता घालायलाच येतेय.

पहिली गाडी प्रभादेवीला. लालभडक, रुंद टायर, सायलेन्सरचा आवाज गल्लीभर. "आंटी, सगळं काम करून ठेवलंय. पॉवर वाढवलीय. फक्त चावी मारा आणि निघा," विकणारा म्हणाला. मी त्याला सांगितलं, मी तुमची आंटी नाही. बॉनेटवर हात ठेवला, तर गरम. गरम इंजिनात खोड कळत नाही; थंड असतानाच सुरू करून बघायचंय, असं मी फोनवर दोनदा बजावलं होतं. मग पर्समधून तुमचं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पत्र्यावर ठेवत ठेवत निघाले.

तेव्हाचं आठवलं. मी कॉलेजात आहे. गिरणी बंद पडल्यापासून तुम्ही लालबागच्या गॅरेजात काम करता. मी डबा घेऊन येते आणि गिऱ्हाइकासमोरच एका गाडीच्या रंगाचं कौतुक करते. तो गेल्यावर तुम्ही हात पुसत म्हणता, "शिकलंस ना गो? मगे रंग काय बघतंस? रंग खोटा बोलता. गाडी थांबता कशी ता आधी बघ, धावता कशी ता मगे." मी दोन दिवस तुमच्याशी बोलत नाही. बी.एस्सी. झाले तेव्हा मैत्रिणींना घरून घड्याळं मिळाली. तुम्ही मला जुन्या स्पीकरमधून काढलेलं हे काळं, जड चुंबक दिलंत. "जिथे चिकटणा नाय, थय पत्रो नाय," एवढंच म्हणालात.

प्रभादेवीच्या गाडीला ते मागच्या दारावर चिकटलंच नाही. निसटून रस्त्यावर पडलं. रंगाखाली बोटभर पुट्टी होती. "थोडं टचअप आहे, मॅडम," तो म्हणाला. आंटीची मॅडम झाले. लेक मात्र माझ्यावरच उखडली. "तुला घेऊच द्यायची नाहीये ना?"

"घे. पण दुसऱ्याचे उद्योग विकत घेऊ नकोस. साधी घे. बिघडवायची ती तू बिघडव."

ती हसली नाही, पण टॅक्सीत माझ्या शेजारी बसली.

दुसरी गाडी गिरगावात, एका वाडीत. तीच जात, राखाडी, कंपनीतून आली तशी. मालकीण निवृत्त डॉक्टर, सर्व्हिसचे सगळे कागद एका पिशवीत जपलेले. इंजिन थंडगार. चुंबक जिथे ठेवावं तिथे चिकटत होतं. लेकीने चक्कर मारून आणली आणि मोबाइलमधली पुढच्या कामांची यादी मला दाखवली. आधी ब्रेक, मग टायर, इंजिनाला हात सगळ्यात शेवटी, आणि आरटीओच्या कागदांत बसेल तेवढंच. म्हणणं तुमचंच, अण्णा. फक्त ती ते मोबाइलवर शिकली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पितृपक्षात व्यवहार करता? अमावास्या होऊ दे. मी कुणाला देत नाही तोवर."

लेक माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला आठवलं, गॅरेजच्या शेठसाठी गाड्या बघायला तुम्ही याच पंधरवड्यात बाहेर पडायचात. गर्दी नसते, माणूस निवांत असतो, खरं बोलतो, म्हणायचात.

"आम्हाला आमच्या पितरांनीच पाठवलंय," मी म्हटलं. बाई हसल्या आणि चावी आणायला आत गेल्या. लेकीने माझा हात घट्ट धरला. तिने तो शेवटचा कधी धरला होता, मला आठवत नाही.

चुंबक आता तिच्याकडे आहे. शिलाईमशीनच्या खणात त्याची जागा रिकामी झालीय, तिथे हे पत्र राहील. एकदा जेवताना तुम्ही विचारलं होतंत, "चुंबक खंय गो?" मी म्हटलं, हरवलं. तुम्ही मान हलवलीत आणि आणखी भात घेतलात. ते हरवलं नव्हतं, अण्णा. त्या दिवशी माझी मैत्रीण पंगतीला बसली होती, हातात नवं घड्याळ घालून.