कात्रीचा मुक्काम

३ तारीख, सोमवार

लागले बाई एकदाची नोकरीला! प्रयोगशाळा लखलखीत, खुर्ची गरगर फिरणारी. काम म्हणजे जनुक कापणारं प्रथिन चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरायचं. पेशी गोळी गिळते, प्रथिन आत जाऊन कात्री चालवतं, कापल्या जागी चमकणारी खूण लावतं आणि दिवसभरात विरून जातं. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, पाहुणा असावा तर असा, काम करून चहालाही न थांबणारा. मी पोट धरून हसले. त्या पोटात चौथा महिना आहे, हे मात्र सांगितलं नाही. कळलं तर उद्यापासून घरी बसवतील.

६, गुरुवार

सुई हातमोज्यातून बोटात गेली. त्याच गोळ्यांच्या द्रवानं भरलेली होती. बाईंना सांगावं तर तपासण्या आल्या, आणि तपासण्या आल्या की बाळाचंही कळणार. मूग गिळून बसले. नवऱ्यालाही बोलले नाही, तो आधीच काळजीनं अर्धा झालाय.

७, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत बोट, ती खूण ज्यात चमकते त्या निळ्या दिव्याखाली धरलं. टोकाला हिरवा ठिपका. म्हणजे कात्री चालली. पण आज ती विरेलच. ठिपक्याच्या कडेनं पेनानं रेघ मारून ठेवली.

१०, सोमवार

हिरवं मनगटापर्यंत आलंय. रोज नवी रेघ मारते, रोज ती मागे पडते. कात्री विरतच नाहीये. बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, ही गोळी कुठल्या पेशींकडे जाते. त्या कौतुकानं म्हणाल्या, झपाट्यानं वाढणाऱ्या. जितकी वाढ जास्त, तितकी हिची ओढ जास्त.

माझ्या अंगात सगळ्यात झपाट्यानं बाळच वाढतंय. तिथेच स्टुलावर बसले.

१२, बुधवार

बाईंना सगळं सांगून टाकलं, सुईचं आणि बाळाचंही. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आत गेलेलं बाहेर काढायचा उपाय त्यांच्याकडे नाही. मीच केलं हे. माझ्याच लपवाछपवीनं.

१३, गुरुवार

दंड. खांदा. आज बरगड्या. दुसरीकडे कुठेच पसरत नाही, सरळ खाली, खाली— नवऱ्यानं विचारलं, हातावर कसल्या रेघा. त्याला सांगू तरी कसं—

१४, शुक्रवार

दुपार. न्हाणीघर. दिवा पर्समधून घरी आणलाय. पोटावर धरला—

हिरवं. आतून. इवलासा तळवा टेकवलाय. माझं बाळ— बोटं दिसतायत. पाच. नाही, पुन्हा मोजते. सहा—

फुटतायत. माझ्या डोळ्यांदेखत— सात— बस कर गं कात्री, बस कर— आठ, न—