हिलालचा शेरू

१६ मार्च, रविवार
अक्काचं धुळ्याचं घर आज बंद झालं. एकुलती एक थोरली बहीण, तिच्याही दाराला कुलूप. भाचा तिला पुण्याला घेऊन गेला. दाजी गेल्यापासून एकटीच होती, किती दिवस राहणार? सुनेला दमा, म्हणून कुत्रं पुण्याला नेता येत नाही. ते माझ्याकडे आलं, अमळनेरला. तांबडं, एक कान पांढरा, गल्लीतलंच. दाजींचे दिवस उरकले त्या आठवड्यात पिल्लू होऊन हिच्या ओट्यावर आलं, ते तिथलंच झालं.

गाडीत बसवताना अक्का त्याला म्हणाली, "हिलाल, बठ. आते नानासंगे जानं शे तुले."

नाना म्हणजे मी. हिलाल हे आमच्या दाजींचं नाव. जन्मात कधी अक्काच्या तोंडून ऐकलं नाही. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा खाली मान घालून गप्प. शेवटी नणंदेनेच नाव घेऊन तिला सोडवलं. आणि आज चार बायांसमोर कुत्र्याला!

बाजूला घेऊन बोललो. जरा जोरातच बोललो. "अक्का, डोकं ठिकाणावर आहे का? मार्केट यार्डातला मापाडी माणूस, काटा कधी इकडचा तिकडे होऊ दिला नाही. त्याचं नाव कुत्र्याला? लोक शेण घालतील तोंडात."

ती भिंतीकडे बघत राहिली. खिळ्यांच्या खुणा होत्या तिथे, फोटो काढलेले. मग म्हणाली, "तुले जसं बरं वाटी तसं कर."

परवानगी मिळाली असं समजून निघालो.

१७ मार्च
हाक मारायची पंचाईत. दाजींचं नाव घेऊन "हे घे, शिळी पोळी खा" म्हणणार कसं? सौ.ची तर त्याहून पंचाईत, नणंदेचा नवरा म्हणजे मानाचा माणूस. दिवसभर दोघंही "यू यू" करत राहिलो. कुत्रं दाराकडे तोंड करून बसलं, आमच्याकडे पाठ.

उखाभाऊंची धास्ती वेगळीच. दाजींचे सख्खे थोरले भाऊ, नदीपलीकडे राहतात, बाजाराच्या दिवशी माझ्या ओट्यावर चहा ठरलेला. त्यांच्या कानावर गेलं तर संपलंच.

नवीन नाव ठेवलं. शेरू. सौ. त्याच्या तोंडाकडे बघून हसली. "मांजर आलं तर आधी हा पळेल, अन् शेरू म्हणे."

२० मार्च
शेरू म्हटलं तर कान हलवत नाही. सायकलच्या दुकानात जन्म गेला, वाकडी रिंग सरळ होईपर्यंत सोडली नाही, तर हे काय. दुधात कुस्करलेली पोळी हातात धरायची, "शेरू" म्हणायचं, वळलं तर द्यायची. नाही वळलं तर पोळी परत फडक्याखाली. काल रात्रीपासून काही खाल्लेलं नाही त्याने.

सौ. म्हणाली, "अहो, मुकं जनावर आहे, घाला की." मी म्हटलं, शिकेल.

२३ मार्च
शिकलं. आज वळलं. हातातून पोळी घेतली पण दात अजिबात लागू दिला नाही, इतकं हळू. मला उगाच अभिमान वाटला. (मागाहून लिहिलेलं: आता या ओळी वाचताना तसं वाटत नाही, पण वाटला होता हे खरं.)

२५ मार्च
अक्काचा फोन. "खाई राहिना ना तो?" खातोय म्हटलं. "हाक मारतस ना त्याले?" हो म्हटलं. कोणत्या नावाने ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"त्याना कानले लाव फोन."

लावला. त्यातून बारीक आवाज आला, हिलाल, हिलाल. कुत्रं ताडकन उठलं. फोनच्या मागे बघितलं, माझ्या धोतराच्या सोग्यात बघितलं, पलंगाखाली जाऊन आलं. मग दाराशी जाऊन बसलं.

"ओळखं का?" ओळखलं म्हटलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. फोन ठेवल्यावर मला जरा कसंतरी झालं, पण तेवढंच.

३० मार्च, पाडवा
उखाभाऊ गुढीच्या दर्शनाला आले. शेरूच्या डोक्यावरून हात फिरवला. "नाव मस्त ठेवलं भो. आमच्या हिलालच्या घरचं जनावर म्हणजे आमचंच की." छाती फुगली. वेळेवर निस्तरलं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

६ एप्रिल
गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले. शेरू कावळे हाकायला. सौ. काठाकाठाने बिबडे उलटत होती, म्हणाली, "तुम्ही अक्कांना विचारलं का हो, ते नाव का ठेवलं?"

"त्यात विचारायचं काय? म्हातारपणी डोकं चालत नाही."

"मी विचारलं काल फोनवर."

मग उन्हात उभं राहूनच सांगितलं तिने. दाजी गेले तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी त्यांचं नाव. दहाव्याला भटजींनी घेतलं. बँकेतल्या पोरीने मोठ्याने पुकारलं. लाइटबिल घेऊन येणारा दारातून ओरडला. अक्का म्हणाली म्हणे, "बठ्ठासनी लिधं. मनंच राही गयं." सगळ्यांनी घेतलं, फक्त तिचं राहिलं. जिवंतपणी घेता आलं नाही, मेल्यावर कोणापुढे घेणार? एका संध्याकाळी घरात एकटी होती. कसं वाटतं बघावं म्हणून हळूच म्हणून बघितलं. तर ओट्यावरचं पिल्लू उठून आत आलं.

"दुसऱ्या दिवशी परत म्हटलं, परत आलं. त्या म्हणाल्या, मी हाक मारस आनि तो येस."

मी बिबडे उलटत राहिलो. आधीच उलटलेले पुन्हा उलटले.

७ एप्रिल
कोणाला तोंड दाखवू नये असं वाटतंय. थोरली बहीण माझी. आई शेतात जायची तेव्हा हिनेच मला कडेवर घेऊन वाढवलं. पाटीवर अक्षर गिरवायला हिनेच शिकवलं, पुढचं माझं मी वाचत गेलो. आणि मी तिला विचारतो डोकं ठिकाणावर आहे का.

सौ.ला विचारलं, तुला कधी वाटलं का ग माझं नाव घ्यावंसं?

"वाटून काय करायचं? तुमच्या हर्नियाच्या ऑपरेशनला नर्सने पेशंटचं नाव विचारलं. मी म्हटलं, त्यांच्या खिशात आधार कार्ड आहे, वाचून घ्या बाई."

दोघंही हसलो. मी म्हटलं, आता म्हणून बघ. ती म्हणाली, "आधी तुम्ही माझं म्हणा." तोंड उघडलं. जिभेवर आलं आणि तिथेच फिरत राहिलं. इतकी वर्षं नुसतं अगं, ऐकलं का. इथेसुद्धा सौ. लिहितो.

९ एप्रिल
दार लावून घेतलं, खिडकी लावली. "हिलाल." आवाज माझा मलाच चोरट्यासारखा वाटला. कुत्रं शेपटी चाटत बसलं. "हिलाल, ये." नाही. पोळी धरली. पोळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नाव ऐकलं असं नाहीच.

बाहेरून सौ.ने सहज म्हटलं, "शेरू कुठेय?" तर टुणकन दाराशी.

पक्कं शिकवलंय मी. उपाशी ठेवून शिकवलेलं ते.

१२ एप्रिल
अक्काचा फोन. पुन्हा कानाला लावायला सांगितलं. लावला. तिने तीन-चारदा हाक मारली असेल. कुत्र्याने मागच्या पायाने कान खाजवला आणि आडवं झालं.

"काय करी राहिना?"

"झोपलाय गं. ऊन फार आहे."

"झोपू दे, झोपू दे. उठाडू नको." मग म्हणाली, अखाजीला येते. दाजींच्या नावाची घागर उखाभाऊंकडे भरायची आहे, तिथून माहेरी तुझ्याकडे. "त्याले दखाले येस." त्याला बघायला.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, या महिन्याच्या अखेरीस.

१६ एप्रिल
सकाळी दार लावून, संध्याकाळी नदीच्या अंगाला नेऊन. ओरडून, हळू, लाडाने. काल एकदा वळलं असं वाटलं, पण मागून टेम्पो येत होता.

२१ एप्रिल
आज जे केलं ते लिहायलाही हात जड.

नदीकाठी हाका मारत होतो. मागून आवाज, "काय भो नाना, कोणले हाक मारी राहिनात तुम्ही?" वळून बघतो तर उखाभाऊ, हातात भाजीची पिशवी.

मी उगाच कुत्र्याची दोरी गुंडाळायला लागलो.

"हिलाल म्हणतात ना तुम्ही? मना भाऊनं नाव? कुत्राले?" पिशवी खाली ठेवली. पाडव्याला ज्या हाताने त्याला कुरवाळलं त्याच हाताने त्याच्याकडे बोट दाखवलं.

आणि मी काय म्हणावं? "मी नाही ठेवलं हो. अक्काने ठेवलंय. मी तर बदललं होतं."

सगळं खरं. एक अक्षर खोटं नाही. तरी बोलल्याबरोबर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. का ठेवलं ते सांगायला लागलो तोवर ते निघालेले. पाठमोरे म्हणाले, "येऊ द्या तिले अखाजीले. मी ईचारस."

त्यांची पिशवी तिथेच राहिली. घरी आणली. सौ.ने विचारलं, कोणाची वांगी?

२२ एप्रिल
पिशवी द्यायला उखाभाऊंकडे गेलो. ओट्यावर बसले होते, बस म्हणाले नाहीत. उभ्यानेच सांगितलं. उखाण्याचं, दहाव्याचं, पिल्लू आत आलं ते. ते सुतळीचा गुंडा करत होते, करतच राहिले. आत वहिनींचं भांडी घासणं थांबलेलं होतं, मी बोलून संपल्यावर पुन्हा सुरू झालं.

शेवटी उखाभाऊ एवढंच म्हणाले, "वांगी वाळली."

२८ एप्रिल
अक्काला आधी फोन करून सांगावं, असं रोज ठरवतो. आज लावला. लागला. म्हटलं, येताना स्वेटर नको आणू, इकडे आग पडलीय. ठेवला.

३० एप्रिल, अखाजी
सकाळी उखाभाऊंकडे घागर भरली. आम्ही दोघं गेलो होतो, अक्का पुण्याहून परस्पर तिथेच आलेली. घागरीवर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. नाव उखाभाऊंनी घेतलं, मग भाच्याने घेतलं, मग मला घ्यायला लावलं. अक्का मागे, डोक्यावरून पदर, दाराच्या चौकटीला टेकून. मला तिकडे बघवेना.

दुपारी ती आमच्याकडे. उखाभाऊही बरोबर आले. येऊन ओट्यावर बसले. मला वाटलं, आता विचारतील.

शेरूला वास आला. असा धावला की गळ्यातली दोरी तुटली. तिच्या पायांभोवती गोल गोल, लोळला, उठला, पुन्हा लोळला. अक्का खाली बसली. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. एकदा थोरल्या दिरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी खांबाला धरून उभा. म्हण अक्का, असं मनात म्हणत होतो. तू म्हण, बाकी मी बघतो. पण तोंडाने एक शब्द काढला नाही मी.

"ये रे शेरू," अक्का म्हणाली. "ये."

तो आला.

हे नाव तिला कोणी सांगितलं, माहीत नाही. सौ.ने असेल. उखाभाऊंनी खाकरून घसा साफ केला, काही तरी बोलायला म्हणून. मग "रस काढा, जेवू," एवढंच म्हणाले. जेवताना अक्काने माझ्या ताटात खापरावरची पोळी वाढली, वरून तूप. लहानपणी वाढायची तशी.

जेवणं झाली. उखाभाऊ ओट्यावर कलंडले. अक्का कुत्र्याला पाणी पाजायला परसात गेली, पत्र्याच्या मोरीपाशी. मी तांब्या घेऊन मागे गेलो. सांगायचं होतं, की अक्का, चुकलो.

परसाचं दार लोटलेलं होतं. पलीकडे शेपटी पत्र्यावर आपटत होती. थांबायची, जरा वेळ काही नाही, पुन्हा जोरात आपटायची. मधल्या वेळात अक्का काही तरी म्हणत असणार.

कोणत्या नावाने, ते ऐकायला मी थांबलो नाही. तांब्या दारापाशी ठेवून परत आलो.

उद्या चारच्या गाडीने ती जाईल.