पाहुणे येणार म्हणून झाडलेलं आतडं

ती. वन्संना,

तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आहे असं समजावं (गुडघे हल्ली अर्ध्यातच थांबतात, उरलेला नमस्कार मनाने पोचवते). तुमचा खोकला कमी झाला का, झोप लागते का, ते सवडीने कळवावं. इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे. ह्यांचं पोट तेवढं मोठ्या दवाखान्यात अभ्यासाला घेतलं आहे, पण काळजीचं कारण नाही.

आता पोटाबद्दल लिहायचं म्हणजे पेन अडतं. आपल्या घरची रीत तुम्हांला माहीतच. सासूबाईंच्या राज्यात माणसाला ताप येई, दाढ दुखे, पाय मुरगळे, पण बेंबीच्या खाली कुणाला काही होतच नसे. मी लग्न होऊन आले तेव्हा हे सकाळी आत जात ते बाहेर यायचं नाव नाही, तर मला वाटलं, एकांतात जप करत असतील. मनात आदरच वाटायचा. (माहेरी तसं कळवलंही होतं.) जप नाही हे कळायला फार दिवस लागले नाहीत, पण बोलायची सोय नव्हती, तेव्हा मी आपली पालेभाजी वाढवत राहिले.

यंदा मात्र पोट तट्ट फुगलं. शर्टाची बटणं सरकवून लावली, तीही पुरेनात. मग नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथे एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या फुगलेल्या मोठ्या आतड्यावरच संशोधन करतात, दुसरं काही नाही. हे त्यांना घरी आतडेबाई म्हणतात. बाई हुशार, पण आवाज खणखणीत. आपण ज्या गोष्टी आईजवळही बोललो नाही त्या त्यांनी ह्यांना दवाखान्याच्या भर बोळात विचारल्या, आणि समोरच्या बाकावरच्या माणसाने ह्यांच्या आधी उत्तर दिलं. फोटो काढला तो उजेडावर धरून बाई म्हणाल्या, ‘‘वा, सुंदर.’’ ह्यांना आजवर कुणी सुंदर म्हटलं नव्हतं (मीही नाही), त्यांनी लगेच कॉलर सारखी केली. मग कळलं, आतडं सुंदर.

बाईंनी समजावलं ते मला पटलं. आतड्याच्या अगदी शेवटच्या तुकड्यात ज्या बारीक मज्जापेशी हव्यात, त्या काही जणांत जन्मापासूनच नसतात. त्यामुळे तो तुकडा सैल पडतच नाही. दारावरचा माणूस दार उघडायला विसरावा आणि आत पाहुण्यांची गर्दी वाढत जावी, तसं मागचं आतडं वर्षानुवर्षं ताणत जातं. म्हणजे ना ह्यांच्या आळसाचा दोष, ना माझ्या स्वयंपाकाचा. हे ऐकून मी बोळातच हात जोडले.

पुढची तपासणी अशी की एक गोळी गिळायची. तिच्यात बारीक बारीक कड्या असतात. काही दिवसांनी फोटो काढून त्या कुठे अडल्या ते बघायचं. रेचक घेऊ नये असं कागदावर लिहिलं होतं. मी मॅट्रिक आहे, वाचलं मी ते. पण फोटोच्या आदल्या दिवशी मनात आलं, शिकलेली बाई आत डोकावणार, तर निदान झाडून तरी ठेवावं. पाहुणे यायचे म्हटल्यावर घर पसरलेलं कुणी ठेवतं का? कपाटात एरंडेल होतं (चांगलं होतं, टाकवत नव्हतं), ते चहातून एक चमचा दिलं.

पुढचं काय सांगू. दुपारपासून हे आत आणि मी दाराबाहेर. आतून मला बोल लावून झाल्यावर हे दमून म्हणाले, ‘‘ताई असती तर गोष्ट तरी सांगितली असती.’’ मी विचारलं, कसली गोष्ट? तर ह्यांनी आतून नळ सोडला.

फोटोत कड्या जवळजवळ नव्हत्याच. आतडेबाईंनी आणखी दोघांना बोलावलं. तिघं फोटोकडे बघत राहिले. असं आतडं आपण होऊन काम कसं करतं, आजवरचं सगळं पुन्हा तपासायला हवं, अशी बोलणी सुरू झाली. माझ्या चमच्यापायी उद्या पुस्तकात खोटं छापून येईल, आणि देवाला काय तोंड दाखवू? सांगून टाकलं. बाई डोक्याला हात लावून म्हणाल्या, ‘‘काकू, तुम्ही माझं संशोधन धुऊन काढलंत.’’ पण मग हसल्या, आणि पुन्हा गोळी दिली. (दोन्ही वेळचं गाडीभाडं मी वहीत ‘स्वच्छता’ या सदराखाली मांडलं आहे.)

दुसऱ्या खेपेला कड्या होत्या तिथेच, एका जागी ढीग. मग आतला कण काढून तपासला, त्यात मज्जापेशी नाहीतच. तो तुकडा काढून चांगलं आतडं खाली जोडावं लागेल. टाळत बसलो तर एक दिवस फाटेल, हेही बाईंनी सांगितलं, आणि तेवढंच मात्र हळू आवाजात सांगितलं. ह्यांनी बटणं लावली आणि बघू म्हणाले. घरी येऊन म्हणतात, असलं जगात माझ्या एकट्याचंच असेल, कुणाला कळता कामा नये. ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीत. मी देवापुढे बसते तेव्हा वाटतं, माणूस सुरीला इतका भीत नाही, जितका एकटेपणाला भितो.

असो. बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी वहिनी

ता.क. मागच्या खेपेला तुमची लोकरी शाल राहिली, ती धुऊन ठेवली आहे. पोस्टाने पाठवण्यात अर्थ नाही, येऊनच न्यावी.

ता.क. २. शालीचं निमित्त आहे. हे भावंडांतही असू शकतं असं बाई म्हणाल्या. कुणाला आहे का विचारलं, तर हे नाही म्हणाले. वन्सं, तुम्ही लग्नकार्यात पानावरून अर्धपोटी उठता, कुठे मुक्कामाला राहत नाही, पिशवीत औषधाची बाटली असते. मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण याल का? तुमचं थोडं रक्त तपासतील. मुख्य म्हणजे ह्यांच्याशेजारी बाकावर बसाल. तुमच्याशिवाय सही होणार नाही. ह्यांना न सांगता लिहिते आहे.

ता.क. ३. ताई, पाकीट तिने माझ्याकडेच दिलं पोस्टात टाकायला, चिकटवायचं विसरून. (विसरून असं ती म्हणते.) एरंडेल एक चमचा नव्हतं, वाटी होती. लहानपणी तू आत असलीस की मी दाराबाहेर बसून गोष्ट सांगायचो, आणि मी असलो की तू. आपल्या दोघांनाच इतका वेळ का लागतो, हे घरात कुणी विचारलं नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाक आहे, बघून आलो. गोष्ट लांबलचक निवड.