रिकामे तीस साग

६ ऑगस्ट २०२४, आरमोरी

साठ साग झाले! तीस झाडांना पुड्या, तीस रिकामी. पुडीत निरगुडी आणि गवती चहाचं तेल, मेणात मुरवलेलं. वास हळूहळू सुटत राहतो. पानांची जाळी करणाऱ्या अळीची पाखरं त्या वासाला बिचकून अंडी न घालताच निघून जावीत, एवढीच आशा. दर पंधरवड्याला नवी पुडी. जुनी गाडून टाकायची.

सोबतीला भागीरथाबाई. वनमजूर, पन्नाशीच्या. मी पानं मोजते तेव्हा त्या माझ्या पाठीला पाठ लावून, काठी घेऊन उभ्या. "तुमी पान पाहा मॅडम, मी वाघ पायते." दिवसभरात एकदाही बसल्या नाहीत.

२१ ऑगस्ट

पुड्या बदलल्या. बाईंनी विचारलंच — "या तीस झाडाईनं काय पाप केलं? अर्ध्या लेकराईले जेवाले द्याचं अन् अर्ध्याईले पाहत बसवाचं?"

म्हटलं, दोन्हींत फरक दिसला तरच वास लागू पडला म्हणता येईल. "हो," म्हणाल्या. पटलं नव्हतं!

२ सप्टेंबर

ताप. थंडी. अक्षर वाकडं येतंय.

२४ सप्टेंबर

परत आले. मलेरिया होता. फॉरेस्ट गार्डच्या मोटारसायकलवर मला मध्ये बसवून, माझ्याच ओढणीने मला स्वतःशी बांधून भागीरथाबाईंनी दवाखान्यात पोचवलं. मला काहीच आठवत नाही, आईने सांगितलं. मग तीन आठवडे चंद्रपूरला, ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये, आईच्या हातची पेज. आणि इकडे बाईंनी दोन्ही वेळा एकटीने पुड्या बदलल्या — पाठीशी कुणी नसताना! रोज फोन मात्र चुकला नाही. "जेवल्या काय?" बस्स, तेवढंच.

एवढं मिळावं असं मी काय केलंय?

३ ऑक्टोबर

मोजणी. पुडीवाल्या झाडांची शंभरात अकरा पानं जाळी. रिकाम्या झाडांची तेरा. फरकच नाही! तीनदा मोजलं.

चंद्रपूरला आमच्या संशोधन अधिकाऱ्यांना, राजदीप सरांना, फोन केला. हळूच म्हणाले, "रिना, मग पुढच्या वर्षी औषध फवारतील. आता मला थांबवता यायचं नाही."

प्लॉटच्या खालीच नाला. गावची सगळी गुरं तिथं पाणी पितात.

५ ऑक्टोबर

बाईंना सांगितलं — वासाचा उपयोग नाही, फवारणी होणार. त्या पहिल्यांदाच खाली बसल्या.

"मॅडम, रागावू नोका. जुन्या पुड्या मी गाडल्याच नाई. त्या रिकाम्या झाडाईले बांधल्या. वर, बेचक्यात. तुमाले दिसू नाई म्हून."

"का पण?"

"वास तं होताच ना त्याच्यात. गाडाचा कायले?"

ओरडले मी. खूप ओरडले! दोन महिन्यांचं काम पाण्यात, असंही म्हटलं. मग फांदी वाकवून पाहिलं. खरंच होती. महिन्याभराची पुडी — नाकाशी धरली तर अजून वास मारते!

संध्याकाळी लाज वाटून त्यांच्या घरी गेले. माफी मागितली. "जेवल्या काय?" म्हणाल्या आणि भात वाढला. डोळ्यांतलं पाणी ताटात पडू नये म्हणून खाली बघतच जेवले.

६ ऑक्टोबर

नाल्यापलीकडच्या सागांना कुणीच काही बांधलं नव्हतं. आज दोघींनी त्यातले तीस मोजले. शंभरात एकाहत्तर पानं जाळी! सरांना फोन लावला, आकडे सांगायला लागले. भागीरथाबाईंनी फोन हातातून घेतला — "साहेब, फवारू नोका. आमचे साठच्या साठ हिरवे हायेत."